मुलाला कुरळे केस वाढवायचे आहेत : दीन काय सांगतो, निगा कशी राखावी, पालकांनी काय करावे

सानगडी असो, साकोली असो की नागपूर, दहावी-बारावीतला मुलगा घरात असला की एक वाद ठरलेला असतो. मुलगा केस वाढवू पाहतो आणि अब्बू म्हणतात, "उद्या कटिंग करून ये." केस सरळ असतील तर वाद लवकर मिटतो. कुरळे असतील तर वाढतो, कारण कुरळे केस खाली पडत नाहीत, वर आणि बाजूला फुलतात. मग मोहल्ल्यात कोणीतरी म्हणतोच, "काय रे, केस हायेत का चिमणीचा खोपा?"

काही वर्षांपूर्वी आमच्याकडूनही चूक झाली. नववीच्या एका मुलाला परिपाठाच्या वेळी केसांवरून रांगेबाहेर उभे केले. सगळी मुले हसली. तो मुलगा आठवडाभर शाळेत आला नाही. घरी गेलो तेव्हा कळले की त्याने स्वतःच ब्लेडने डोके भादरले होते आणि दोन ठिकाणी जखमा झाल्या होत्या. त्याच्या अम्मीने आम्हाला चहा दिला, तक्रारीचा एक शब्द काढला नाही. त्या दिवसापासून हा विषय आम्ही नीट वाचला, जाणत्यांना विचारला. जे समजले ते पालकांच्या आणि मुलांच्या उपयोगासाठी येथे एकत्र देत आहोत.

कुरळे केस म्हणजे काय?

केस त्वचेखालच्या एका लहान पिशवीतून उगवतो. ही पिशवी सरळ आणि गोल असेल तर केस सरळ येतो. ती वाकडी आणि चपटी असेल तर केस वळत वळत बाहेर येतो. ही ठेवण आई-वडिलांकडून, आजी-आजोबांकडून येते. म्हणजे मुलाने केस कुरळे "केलेले" नसतात, ते अल्लाहने दिलेले असतात. वयात येताना काही मुलांचे सरळ केस कुरळे होतात, हेही नैसर्गिक आहे.

कुरळ्या केसांच्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की अर्धे प्रश्न सुटतात.

पहिली, हे केस कोरडे असतात. डोक्याच्या त्वचेतून निघणारे तेल सरळ केसांवरून सहज खाली उतरते. वळणावळणाच्या केसांवर ते मुळाशीच अडते आणि टोके कोरडी राहतात.

दुसरी, हे केस आखूड दिसतात. डोक्याचा केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर. कुरळा केसही जवळपास तेवढाच वाढतो, पण वेटोळ्यात लपतो. ओले केस ओढून पाहिले तर खरी लांबी कळते.

तिसरी, हवेतला ओलावा त्यांना फुलवतो. रोवणीच्या दिवसांत, श्रावणात, आपल्या भागात हवा दमट असते. तेव्हा सकाळी बसवलेले केस दुपारी फुलतात. हा मुलाचा गबाळेपणा नव्हे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे केस

ह. अनस (र.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये प्रेषितांच्या केसांचे वर्णन आहे. सहीह बुखारी, सहीह मुस्लिम आणि इमाम तिरमिजी यांच्या 'शमाइल'मध्ये ते मिळते. त्याचा आशय असा की, प्रेषितांचे केस अगदी घट्ट कुरळेही नव्हते आणि अगदी सरळही नव्हते. दोन्हींच्या मधले, म्हणजे लाटांसारखे वळण असलेले होते. लांबी कधी कानापर्यंत, कधी कान आणि खांदा यांच्यामध्ये, कधी खांद्यापर्यंत असल्याचे वेगवेगळ्या रिवायतींत येते.

अरबीत या लांबींना नावे आहेत. कानाच्या पाळीपर्यंतचे केस म्हणजे वफरा, पाळीच्या खाली उतरलेले लिम्मा आणि खांद्याला टेकलेले जुम्मा. आपल्या उर्दू घरांत यालाच जुल्फे किंवा पट्टे ठेवणे म्हणतात. ह. उम्मे हानी (र.) यांच्या रिवायतीत मक्केत आले तेव्हा प्रेषितांच्या केसांच्या चार बटा किंवा वेण्या होत्या, असाही उल्लेख आहे. हज आणि उमऱ्याच्या प्रसंगी त्यांनी डोके मुंडन केले, हेही सर्वांना माहीत आहे.

मग केस वाढवणे सुन्नत आहे का? प्रेषितांनी केस ठेवले, ही गोष्ट पक्की आहे. पण बऱ्याच उलमांच्या मते ही आदतीची, म्हणजे राहणीची बाब आहे, फर्ज किंवा वाजिब नाही. ह. अली (र.) डोके मुंडन करून ठेवत, कारण गुस्लमध्ये एखादा केस कोरडा राहू नये याची त्यांना काळजी वाटे. म्हणजे दोन्ही नमुने आपल्यासमोर आहेत. केस ठेवणाऱ्याला गुन्हेगार ठरवता येत नाही आणि न ठेवणाऱ्याला कमी लेखता येत नाही.

मात्र ठेवणाऱ्यावर एक जबाबदारी येते. अबू दाऊदमध्ये ह. अबू हुरैरा (र.) यांची रिवायत आहे. तिचा अर्थ असा की ज्याला केस आहेत त्याने त्यांचा मान राखावा. 'मुवत्ता'मध्ये ह. अबू कतादा (र.) यांचा प्रसंग येतो. त्यांचे केस खांद्यापर्यंत होते. विंचरू का, असे त्यांनी विचारले. प्रेषितांनी होकार दिला आणि केसांचा मान राखायला सांगितले. मग ते कधी कधी दिवसातून दोनदा तेल लावत. दुसरीकडे, रोज रोज नटण्या-विंचरण्यातच गुंतू नये, एक दिवसाआड करावे, अशीही हदीस आहे. म्हणजे विस्कटलेले राहायचे नाही आणि आरशासमोर तासभर उभेही राहायचे नाही.

काय टाळायचे?

कजअ : डोक्याचा काही भाग भादरायचा आणि काही भागावर केस ठेवायचे, याला हदीसमध्ये मनाई आहे. बाजूने वस्तरा फिरवून वर कुरळ्यांचा झुबका ठेवायची आजची फॅशन याच्या जवळ जाते. बाजूचे केस कात्रीने थोडे कमी करणे आणि वस्तऱ्याने साफ भादरणे यांत फरक आहे. शंका असेल तर आपल्या मस्जिदच्या इमाम साहेबांना विचारावे. मन्नत म्हणून लहान मुलाच्या डोक्यावर एक चोटी राखण्याची चाल काही घरांत आहे. तीही याच कारणाने उलमा नापसंत करतात.

स्त्रियांशी साम्य : पुरुषाने स्त्रियांची नक्कल करण्याची मनाई स्पष्ट आहे. म्हणून उलमा साधारणपणे खांद्याच्या खाली केस जाऊ देऊ नयेत, असे सांगतात. बायकांसारखे पिन, क्लिप आणि अंबाडे टाळावेत.

चाळीस दिवसांची मुदत : "चाळीस दिवसांच्या आत केस कापलेच पाहिजेत," असे मोठी माणसे सांगतात. ती हदीस मिशा, नखे आणि शरीराच्या इतर केसांबद्दल आहे. डोक्याच्या केसांचा त्यात उल्लेख नाही.

वुजू, गुस्ल आणि नमाज

वुजूमध्ये मसह डोक्यावर करायचा असतो, खाली लोंबणाऱ्या बटांवर नाही. ओले हात कपाळापासून मानेपर्यंत न्यावेत आणि परत आणावेत. हनफी मसलकात चौथाई डोक्याचा मसह फर्ज आहे, पूर्ण डोक्याचा सुन्नत. केस विस्कटतात म्हणून नुसते बोट टेकवणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे.

फर्ज गुस्लमध्ये पाणी प्रत्येक केसाच्या मुळापर्यंत गेले पाहिजे. दाट कुरळ्या केसांत वरून मग ओतला तरी आतली त्वचा कोरडी राहू शकते. ह. आयशा (र.) यांच्या रिवायतीत रीत सांगितली आहे. प्रेषित आधी ओल्या बोटांनी केसांची मुळे भिजवत आणि मग डोक्यावर तीन ओंजळी पाणी घालत. कुरळ्या केसांसाठी हीच रीत सर्वांत सोयीची आहे. केसांची वेणी घातली असेल तर हनफी मसलकाप्रमाणे पुरुषाला ती सोडावी लागते. तेलाने अडचण येत नाही, पण घट्ट मेण किंवा वॅक्स थर धरते. ते आधी धुवून काढावे.

नमाजमध्ये केस बांधून ठेवू नयेत. सजद्यात कपडे आणि केस आवरून धरण्याची हदीसमध्ये मनाई आहे. ह. इब्ने अब्बास (र.) यांनी एकाला मागे केस बांधून नमाज पढताना पाहिले आणि त्याचे केस सोडले, असा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. कामासाठी रबर लावले असेल तर नमाजपूर्वी काढून टाकावे.

टोपीची गोष्ट लहान आहे पण रोजची आहे. केस वाढले की जुनी टोपी वर चढते आणि सजद्यात पडते. एक माप मोठी, सुती किंवा जाळीची टोपी घ्यावी. ओल्या केसांवर टोपी तासन्तास ठेवली तर वास येतो आणि कोंडा वाढतो.

वाढीचे टप्पे

पहिले तीन महिने : केस अजून आखूडच असतात. फार काही करावे लागत नाही. मानेवरचे आणि कानामागचे केस नीट करून घेतले तरी पुरते.

तीन ते सहा महिने : हा सर्वांत अवघड काळ. केस खाली पडण्याइतके जड नसतात, म्हणून बाजूने फुगतात आणि डोके गोल टोपलीसारखे दिसते. बहुतेक मुले इथेच हार मानतात आणि बहुतेक वाद इथेच होतात. सलूनमध्ये सांगावे की लांबी कमी करू नका, फक्त आकार द्या. बाजू आणि मागची मान थोडी हलकी, वरचे तसेच.

सहा महिने ते एक वर्ष : केस कानावर उतरू लागतात, वजनाने बसतात आणि वळणे दिसू लागतात. दर तीन महिन्यांनी फाटलेली टोके अर्धा-एक सेंटिमीटर कापून घ्यावीत.

एक वर्षानंतर : घट्ट कुरळे केस कानापर्यंत आणि सैल वळणाचे केस मानेपर्यंत येतात. यापुढे किती ठेवायचे ते घरात बसून ठरवावे.

रोजची निगा

धुणे : शॅम्पू आठवड्यातून एकदा, घाम जास्त असेल तर दोनदा. शेतात किंवा मैदानावर घाम आला तर मधल्या दिवशी नुसत्या पाण्याने धुवावे. शॅम्पू मुळांना चोळावा, कंडिशनर मात्र टोकांना लावावा. रिठा-शिकेकाई चालते, पण त्यानेही केस कोरडे होतात, म्हणून नंतर थोडे तेल हवे.

पाणी : बोअरवेलचे पाणी जड असेल तर भांड्यांवर पांढरा थर बसतो, तसाच तो केसांवरही बसतो आणि केस राठ होतात. शेवटच्या मगभर पाण्यात एक चमचा लिंबाचा रस किंवा सिरका घालून केस खळबळावेत. डोक्यावर जखम किंवा खाज असेल तर हे करू नये.

विंचरणे : कुरळे केस कोरडे असताना विंचरू नयेत. तुटतात आणि फुलतात. ओले असताना, कंडिशनर किंवा तेल लावून, रुंद दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी सोडवावेत. सुरुवात टोकापासून करावी आणि हळूहळू मुळाकडे जावे. वरून जोराने कंगवा ओढला की गाठ आणखी घट्ट होते.

पुसणे : खरखरीत टॉवेलने घासू नये. जुना सुती गमछा किंवा बनियन घेऊन केस मुठीत दाबून पाणी टिपावे.

तेल : खोबरेल चालते, पण थोडे. धुण्याच्या आदल्या रात्री मुळांना आणि टोकांना लावावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा डोक्यावर तेलाचा थर ठेवून उन्हात फिरले की घाम, धूळ आणि पुळ्या येतात.

जवसाचे जेल : बाजारात कुरळ्या केसांसाठी महागडी जेल मिळतात. शहरातली मुले आता घरी जवसाचे जेल करतात. जवस आपल्या घरात चटणीला असतेच, आपल्या भागात धानाच्या बांधीतही ते पेरतात. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर सात ते दहा मिनिटे ढवळत शिजवावे. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे झाले की गरम असतानाच कापडातून गाळावे, गार झाले की घट्ट होऊन गाळता येत नाही. ओल्या केसांना थोडेसे लावावे, मुठीत दाबावे आणि वाळू द्यावे. वाळल्यावर केस कडक वाटले तर हाताने चुरगाळावे, मऊ होतात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, वास बदलला की टाकून द्यावे. पाण्याने धुतले की ते निघून जाते, तरीही फर्ज गुस्लच्या वेळी धुवून काढावे.

केस सरळ करणे : सलूनमध्ये केस सरळ करण्यासाठी जी रसायने वापरतात, त्यांपैकी काहींतून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. तिने डोळे आणि घसा जळतो. वाढत्या वयाच्या मुलांना याची काहीच गरज नाही.

काही गैरसमज

"टक्कल केले की केस दाट येतात." केसाची पिशवी त्वचेच्या आत असते, वस्तऱ्याने तिच्यात काही बदलत नाही. कापलेले टोक बोथट असते म्हणून नवा केस जाड वाटतो, एवढेच. अकीक्याच्या वेळी बाळाचे मुंडन करणे आणि केसांच्या वजनाइतकी चांदी सदका देणे हा वेगळा विषय आहे, तो केस दाट करण्याचा उपाय नव्हे.

"केस वाढवले की गळतात." रोज ५० ते १०० केस गळणे सामान्य आहे. कुरळे केस गळले तरी वेटोळ्यात अडकून राहतात आणि धुण्याच्या दिवशी एकदम हातात येतात. त्यामुळे मुलगा घाबरतो. मात्र नाण्याएवढा चट्टा पडला, खपल्या धरल्या किंवा खूप खाज सुटली तर ती बुरशी किंवा दुसरा आजार असू शकतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे. दुसऱ्याचा कंगवा आणि टोपी वापरू नये.

"घट्ट बांधले की केस बसतात." रोज ओढून बांधल्याने कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात.

'हबशी' म्हणून चिडवणे

या विषयातली सर्वांत वाईट गोष्ट केसांत नाही, आपल्या जिभेवर आहे. कुरळ्या केसांच्या आणि सावळ्या रंगाच्या मुलाला आपल्याच घरांत, आपल्याच लग्नांत 'हबशी' म्हणून चिडवतात. म्हणणारा हसतो, मुलगाही कसनुसा हसतो आणि नंतर आरशात बघत बसतो.

हबशी म्हणजे हबशाचा, आजच्या इथिओपियाकडचा माणूस. इस्लामचे पहिले मुअज्जिन ह. बिलाल (र.) मूळचे हबशी होते. मक्केत छळ झाला तेव्हा पहिल्या मुसलमानांना आसरा दिला तो हबशाच्या राजाने. आणि आपल्या महाराष्ट्रात मलिक अंबर होऊन गेला. तो हबशातून गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा कारभारी झाला आणि मुघल फौजांशी वर्षानुवर्षे लढला. १६१० साली त्याने खडकी शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. तिथल्या नहरींचे पाणी त्याच्या दूरदृष्टीची साक्ष देत राहिले. १६२६ मध्ये त्याचे निधन झाले, कबर खुलताबादला आहे. जंजिऱ्याचे सिद्दीही त्याच मुळाचे. एवढा इतिहास मागे असताना हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्याला आपण काय म्हणावे?

जवळचे उदाहरण हवे असेल तर उस्ताद झाकीर हुसेन आठवा. १९५१ मध्ये मुंबईत जन्मलेला हा तबलावादक जगभर गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये गेला तेव्हा साऱ्या देशाने दुःख केले. ताजमहाल चहाच्या जाहिरातीत तबल्यासोबत हलणारे त्यांचे कुरळे केस आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर अजून आहेत. त्यांना कोणी केसांवरून हिणवल्याचे आम्हाला आठवत नाही. मोठ्या माणसाच्या डोक्यावर शोभते ते आपल्या पोट्ट्याच्या डोक्यावर का खटकते?

शाळा, काम आणि नोकरी

शाळेचे नियम असतात आणि ते पाळावे लागतात. पण नियम सांगण्याची रीत असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. सर्वांसमोर कात्री चालवणे किंवा हसे करणे हे शिस्तीत बसत नाही. पालकांना बोलवावे, मुदत द्यावी. पालकांनीही शाळेच्या बाजूने विचार करावा. केस कपाळावरून मागे असतील, स्वच्छ असतील आणि कॉलरच्या वर असतील तर बहुतेक शिक्षक समजून घेतात.

राइस मिल, वर्कशॉप, मळणी यंत्र अशा ठिकाणी मोकळे केस जिवावर बेततात. पट्टा किंवा फिरता दांडा क्षणात केस ओढतो. तिथे केस टोपीखाली पूर्ण झाकावेत किंवा आखूड ठेवावेत, यात चर्चा नको. पोलीस किंवा सैन्यात जायची इच्छा असणाऱ्याने तिथे केस आखूडच ठेवावे लागतात, हे आधीच ओळखून असावे.

पालकांसाठी चार गोष्टी

एक, मुलाला आधी विचारा की केस का वाढवायचे आहेत. कोणी सुन्नत म्हणेल, कोणी फॅशन म्हणेल, कोणी नुसते "आवडतात" म्हणेल. खरे उत्तर मिळाले की अर्धा राग ओसरतो.

दोन, मुदत आणि अटी ठरवा. "एक वर्ष ठेव. नमाज चुकायची नाही, आठवड्याला धुवायचे, कजअ नाही, अभ्यास मागे पडायचा नाही." ज्या मुलाला केस सांभाळता येतात त्याला वेळही सांभाळता येऊ लागतो, असा आमचा अनुभव आहे.

तीन, झोपेत किंवा जबरदस्तीने केस कापू नका. केस सहा महिन्यांत परत येतात, मुलाचा विश्वास तितक्या लवकर येत नाही.

चार, मुलांनो, तुमच्यासाठी. अम्मी-अब्बू एवढेही ऐकत नसतील तर वाद वाढवू नका. केस राखणे मुबाह आहे, आई-वडिलांशी नरमाईने वागणे हुकूम आहे. प्रेमाने विचारा, थांबा, पुन्हा विचारा.

ज्या मुलाला आम्ही रांगेबाहेर उभे केले होते, तो आज कमावता झाला आहे. गेल्या ईदला ईदगाहवर भेटला. केस मानेपर्यंत, तेल लावून नीट भांग पाडलेले. गळ्यात पडला आणि म्हणाला, "सर, आता चालते ना?" आम्ही त्याची माफी मागितली. ती आधीच मागायला हवी होती.

अल्लाह आपल्या मुलांना दिलेल्या देणगीची कदर करण्याची आणि आपल्याला त्यांच्याशी नरमीने वागण्याची तौफीक देवो. आमीन.